‘पोल बदलायला हवा’: शाळकरी पोल व्हॉल्टरच्या या तक्रारीचं निवारण

मार्चमध्ये मैदानी हंगाम सुरू झाला की अमेरिकेतल्या हायस्कूलच्या पोल व्हॉल्टच्या, म्हणजे लांब पोल रोवून आडव्या बारवरून जायच्या उडीच्या, धावपट्टीवर दर वर्षी एकच तक्रार ऐकू येते: पोल बदलायला हवा. मुलगा म्हणतो पोल फार कडक आहे, वडील म्हणतात वाकतच नाही, मुलगी म्हणते मला मैत्रिणीचा निळा पोल द्या. मी न्यू जर्सीत शाळकरी मुलांना हा खेळ शिकवायला मदत करतो, आणि ही तक्रार पुन्हा पुन्हा निस्तरत आलो आहे. बहुतेक वेळा पोल ठीकच असतो. पकड, पावलं किंवा धाव बिघडलेली असते. पण पोल खरोखरच चुकीचा असेल तर तो मुलाच्या जिवाशी खेळ ठरतो. म्हणून या दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

आपल्या मराठी घरांत हा खेळ सहसा कुणी खेळलेला नसतो, त्यामुळे मूल यात पडलं की आईबाबांना विचारायचं कुणाला हेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. महाराष्ट्रात दोन-तीन पोलांवर सगळी मुलं तयार करणाऱ्या प्रशिक्षकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी लक्षणं बघा

मूल काय सांगतं ते ऐकून घ्या, पण निदान उडी पाहूनच करा. शक्य तर लागोपाठ चार-पाच उड्या बघा. एका उडीवरून काहीच ठरवू नका.

पोल उभा होण्याआधीच थांबतो आणि मूल धावपट्टीच्या दिशेने मागे येतं, किंवा गादीच्या अगदी पुढच्या काठावर उतरतं. हे सगळ्यांत जास्त दिसणारं आणि सगळ्यांत गंभीर लक्षण. पकड फार वर आहे, धाव कमी पडते आहे, टेक-ऑफ आत होतो आहे (जमीन सोडताना पाऊल फार पुढे पडतं आहे), किंवा पोल खरोखर कडक आहे.

पोल झपकन उभा होतो, मूल गादीच्या मागच्या भागात जाऊन पडतं आणि वर चढतानाच छातीने किंवा गुडघ्याने बार पाडतं. पोल मऊ पडतो आहे किंवा पकड फार खाली आहे.

पोल प्रमाणाबाहेर वाकतो, वरचं टोक जमिनीकडे कलतं आणि सरळ व्हायला इतका वेळ घेतो की मूल तोवर बारच्या पुढे निघून गेलेलं असतं. पोल मऊ आहे. उडी तिथेच थांबवा.

पोल अजिबात वाकत नाही, पण मूल गादीच्या मधोमध नीट उतरतं. हा बिघाडच नव्हे. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

मूल एका बाजूला फेकलं जातं. याचा पोलच्या आकड्याशी फारसा संबंध नसतो. पोल डोक्यावर सरळ न जाता बाजूने वर आलेला असतो, किंवा टेक-ऑफचं पाऊल मधल्या रेषेवर पडलेलं नसतं.

सरावात छान जमतं, स्पर्धेत जमत नाही. वारा, धावेची लांबी आणि उत्साह या तिन्हींची आधी चौकशी करा.

पहिली तपासणी: वजनकाटा आणि पोलवरचा आकडा

याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. तरी नेमकी हीच तपासणी राहून जाते. पोलच्या वरच्या भागात, हात धरायच्या जागेजवळ, ‘१२-० / १४०’ असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ असा, की पोल १२ फूट लांबीचा आहे आणि १४० पौंड, म्हणजे साधारण ६३.५ किलो वजनापर्यंतच्या खेळाडूसाठी बनवला आहे. अमेरिकेत हायस्कूल खेळांचे नियम करणाऱ्या नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्सचा नियम स्पष्ट आहे: पोलवरचा आकडा खेळाडूच्या वजनाइतका किंवा त्याहून जास्त हवा. मुलगा १४३ पौंडांचा आणि पोल १४०चा असेल तर तो पोल स्पर्धेत चालत नाही. वापरताना आढळला तर खेळाडू त्या प्रकारातून बाद होतो. आपली मुलं आणि त्यांचे पोल नियमात बसतात याची खात्री स्पर्धेआधी प्रशिक्षकाने द्यायची असते.

मुलाचं वजन हंगामाच्या सुरुवातीला एकदा करून भागत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मार्च ते मेमध्ये सहज पाच पौंड वाढतो. फुटबॉल किंवा कुस्ती सोडून आलेल्या मुलांचं वजन तर आठवड्या-आठवड्याला हलतं. दर पंधरा दिवसांनी काट्यावर उभं करा, अंगात सरावाचे कपडे असू द्या. वजन आकड्याच्या काठावर आलं असेल तर पुढच्या पोलची तयारी आत्ताच सुरू करा. मुलाला वजन कमी करायला मात्र कधीही सांगू नका. वाढत्या वयाच्या मुलाला पोलच्या मापात बसवण्यासाठी उपाशी ठेवणं हा उपाय होऊच शकत नाही.

छापलेल्या आकड्याजवळच एक रुंद पट्टी असते. वरच्या हाताची जास्तीत जास्त उंची ती दाखवते. वजनाचा आकडा त्या पकडीसाठीच दिलेला असतो. हात पट्टीच्या वर गेला की पोल आकड्यापेक्षा मऊ वागू लागतो, म्हणून तिथे धरायला नियमानेही बंदी आहे.

आकडा पुसला गेला असेल, कुणी हाताने लिहिला असेल किंवा पोल कापून आखूड केला असेल, तर तो बाजूला काढा. कापलेल्या पोलचा मूळ आकडा खरा राहत नाही.

भारतात शालेय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांच्या धर्तीवर होतात, आणि त्या नियमांत पोलची लांबी, पदार्थ किंवा वजनाचा आकडा यांवर बंधन नाही. पृष्ठभाग गुळगुळीत असला की झालं. मोठ्या, तयार खेळाडूंच्या बाबतीत ते ठीकच आहे. शाळकरी मुलांसाठी मात्र हा वजनाचा नियम आपण स्वतःहून पाळावा असं माझं ठाम मत आहे. पंचाने विचारलं नाही म्हणून फायबरचा पोल काही वेगळा वागत नाही.

दुसरी तपासणी: पोल हातात घेऊन बघा

उन्हात जा, पोल आडवा धरा आणि खालपासून वरपर्यंत हळूहळू फिरवत बघा. मग सुती फडकं किंवा बोटाची पेरं त्यावरून सरकवा. फडकं अडकलं, धागा निघाला, की तिथे थांबा. स्पाइकची टोचणी, खोल ओरखडा, दाबल्याची खूण, पांढुरका पट्टा किंवा ठिपका, केसाएवढी रेघ, यांपैकी काहीही दिसलं तर तो पोल त्या दिवशी वापरात नाही. काचतंतूचा, म्हणजे फायबरचा, पोल हजार वेळा वाकायलाच बनवलेला असतो, पण त्याच्या बाहेरच्या थरावर सगळ्यांत जास्त ताण येतो. तिथे लहानशी जखम असली तरी तडा तिथूनच सुरू होतो.

खालच्या टोकाचं रबरी बूच झिजलंय का, सैल आहे का, तेही पाहा. बूच झिजलं की बॉक्समध्ये, म्हणजे धावपट्टीच्या शेवटी पोल रोवायच्या खड्ड्यात, पोल घसरताना टोक धातूवर घासतं. बूच नवं बसवायला फारसा खर्च येत नाही.

पोल खराब होतो तो बहुतेक उडीनंतर. मूल गादीवर असतं आणि पोल मागे कोसळून लोखंडी स्टँडच्या पायावर किंवा सिमेंटच्या कडेवर आदळतो. उडीच्या वेळी पोल झेलायला एक जण नेमून ठेवा. आमच्याकडे हे काम पुढच्या उडीची वाट बघणाऱ्या मुलाकडे असतं. पोल जमिनीवर पडलेला असताना त्यावरून स्पाइक घालून कुणी जाणार नाही, हा नियमही पहिल्याच दिवशी घालून द्या.

तिसरी तपासणी: पकड कुठे आहे

खालच्या टोकापासून वरच्या हाताच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. मुलाला विचारू नका, मोजा. आत्मविश्वास वाढला की हात आपोआप वर सरकतो आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

इथे थोडं यंत्रशास्त्र समजून घ्यायला हवं. बॉक्समध्ये पोल टेकल्यानंतर मूल आणि पोल मिळून त्या टोकाभोवती फिरतात. पकड जितकी वर, तितकं पोलला उभं करायला जास्त वेग लागतो. धाव तेवढीच ठेवून हात वर नेला की पोल वाटेतच थांबतो. पोल वाकला की बॉक्सपासून हातापर्यंतचं सरळ अंतर तेवढ्यापुरतं कमी होतं, म्हणजे तो आखूड पोलसारखा फिरतो. म्हणूनच वाकणाऱ्या पोलवर त्याच धावेत हात वर धरता येतो. जॉर्ज डेव्हिसने १९६१मध्ये ४.८३ मीटरचा विश्वविक्रम केला, तो फायबरच्या पोलवर झालेला पहिला विश्वविक्रम. त्यानंतर धातूचे पोल झपाट्याने मागे पडले. पण या फायद्यासाठी आधी वेग लागतो आणि टेक-ऑफ नीट लागतो. ते नसेल तर वाकणं हे नुसतंच दृश्य.

हात किती खाली आणला की पोल किती कडक होतो, याचा प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला ढोबळ आडाखा असा: हात ६ इंच, म्हणजे १५ सेंटीमीटर, खाली आणला की पोल साधारण १० पौंडांनी कडक वागतो. मुलाची पकड पट्टीपासून याहून खाली असेल तर तो पोल त्याच्यासाठी लांब आहे. हातात नुसतं ओझं उरतं. ६ इंच आखूड पोल द्या.

आता एक साधा हिशेब सांगतो. यातून अर्ध्या तक्रारी आपसूक मिटतात. वरच्या हाताच्या पकडीतून २० सेंटीमीटर वजा करा, कारण बॉक्स तितका खोल असतो. उरलेला आकडा म्हणजे पोल उभा असताना हाताची जमिनीपासूनची उंची. त्याची तुलना मुलाने पार केलेल्या उंचीशी करा. समजा पकड ३.५० मीटर आहे. २० सेंटीमीटर गेले, राहिले ३.३०. मुलगा पार करतो २.७५. म्हणजे तो आपल्या हाताच्या ५५ सेंटीमीटर खालून जातो आहे. या मुलाला लांब पोल द्यायची गरज नाही. त्याच्याकडे अर्धा मीटर उंची आधीच शिल्लक आहे, ती पाय वर घेण्यात आणि वळण्यात दडलेली आहे. अशा वेळी पकड कमी करून पोल नीट उभा होऊ द्यावा आणि तांत्रिक सरावाला लागावं. आर्मंड डुप्लांटिस हायस्कूलला लुइझियानातल्या लाफायेटमध्ये होता, आणि २०१७मध्ये शाळकरी असतानाच त्याने ५.९० मीटर पार केले. २०२५मध्ये त्याने केलेला ६.३० मीटरचा विश्वविक्रम त्याच्या पकडीच्या एक मीटरहून अधिक वर होता. उंची फक्त लांब पोलमधून येत असती तर हे शक्यच नव्हतं.

चौथी तपासणी: टेक-ऑफचं पाऊल

‘पोल कडक आहे’ या तक्रारीचं खरं कारण मला सगळ्यांत जास्त वेळा इथे सापडतं. घाईने नवा पोल देऊन मोकळं व्हायचा मोहही इथेच होतो, म्हणून या तपासणीला वेळ द्या.

उजव्या हाताने वर धरणाऱ्या मुलाचं डावं पाऊल जमीन सोडताना वरच्या हाताच्या बरोबर खाली हवं. पाऊल त्याच्या पुढे, बॉक्सकडे पडलं की त्याला आम्ही ‘आत गेला’ म्हणतो. आत गेलेल्या मुलाचा हात पोल टेकतो त्या क्षणी डोक्याच्या मागे असतो. धक्का खांद्यात बसतो, अंग मागे खेचलं जातं आणि पोल पुढे जायच्या ऐवजी मुलालाच अडवतो. मूल सांगतं, पोल दगडासारखा आहे. त्याचं म्हणणं खोटं नसतं, त्याला तसंच जाणवतं.

तपासायला फोन पुरे. धावपट्टीच्या बाजूला, टेक-ऑफच्या रेषेत, कमरेच्या उंचीवर फोन धरून चित्रण करा. पोलचं टोक बॉक्सच्या मागच्या भिंतीला टेकतं तो क्षण थांबवून बघा. वरच्या हातापासून सरळ खाली काल्पनिक रेघ ओढा. पाऊल रेघेच्या पुढे आहे की मागे, हे लगेच दिसतं. एक पाऊलभर आत असणं अगदी नेहमीचं.

उपाय म्हणून सुरुवातीची खूण मागे सरकवा, पण एकदम नको. थोडी सरकवा, तीन उड्या बघा. मधल्या पावलाचीही एक खूण करा. शेवटच्या सहा पावलांच्या आधी मूल नेमकं कुठे आहे ते त्यावरून कळतं. खूण मागे नेऊनही मूल आतच जात असेल तर ते शेवटच्या दोन पावलांत ताणून धावतं आहे, किंवा हात उशिरा वर नेतं आहे. मग पोल बाजूला ठेवा आणि चालत चालत पोल रोवण्याचा सराव करा. अंतर मोजताना बॉक्सच्या मागच्या भिंतीपासून, स्वतःच्या टेपने मोजा. दुसऱ्या शाळेत धावपट्टीच्या कडेला रंगवलेल्या आकड्यांवर विसंबू नका.

हे आधी का करायचं, ते आता सांगतो. समजा आत जाणाऱ्या मुलाला तुम्ही मऊ पोल दिला. त्या दिवशी सगळे खूष. दुसऱ्या दिवशी वारा पाठीमागून होता, पाऊल नेमकं जागेवर पडलं, आणि तोच मऊ पोल पूर्ण वेगाने मिळालेल्या धक्क्याखाली दुमडला. चुकीच्या पावलासाठी निवडलेला पोल, पाऊल बरोबर पडल्यावर धोक्याचा होतो. म्हणून पाऊल दुरुस्त झाल्याशिवाय मी पोलला हात लावत नाही.

पाचवी तपासणी: धाव, वारा आणि स्टँड

सरावात मूल दहा पावलांवरून उडतं आणि स्पर्धेत चौदा पावलांवरून. वेग वेगळा, म्हणून पोलही वेगळा लागू शकतो. कमी धावेचा पोल आणि पूर्ण धावेचा पोल अशी नोंद वेगवेगळी ठेवा. समोरून वारा असेल तर पकड दोन इंच खाली घ्या. पाठीमागून असेल तर सुरुवातीची खूण मागे सरकवा आणि थोडा कडक पोल जवळ असू द्या.

स्टँड, म्हणजे बार धरणारे खांब, अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांत बॉक्सच्या मागच्या भिंतीपासून गादीकडे ४५ ते ८० सेंटीमीटरच्या दरम्यान ठेवता येतात. नवख्या मुलांसाठी मी ते नेहमी ८०च्या जवळ ठेवतो. बार मागे असला की मूल आत, गादीवर खोलवर जायला शिकतं. बार पुढे आणला तर त्या दिवशीची उंची कदाचित मिळेल, पण मूल बॉक्सच्या वर घुटमळायला लागेल. स्टँड ८०वर असताना मूल चढतानाच बार पाडत असेल, तर मोठ्या पोलची वेळ आली असं समजा. बार उतरताना पडत असेल तर पोल अजून गादीकडे पुरेसा आत जात नाही.

वाकण्याचा हट्ट

‘अहो, जरा मऊ पोल द्या ना याला, बघा, अजिबात वाकत नाहीये,’ असं एखादे बाबा कुंपणाबाहेरून कळकळीने सांगतात. त्यांनी टीव्हीवर कमानीसारखा वाकलेला पोल पाहिलेला असतो, आणि आपल्या मुलाचं काहीतरी कमी पडतंय असं त्यांना वाटतं. त्यांना मी नेहमी सांगतो की मुलाच्या पाठीमागे उभे राहा आणि तो कुठे उतरतो तेवढंच पाहा. गादीच्या मधोमध, पाठीवर, तोल सांभाळून उतरत असेल तर सगळं योग्य चाललंय. पहिल्या वर्षी पोल सरळ राहिला तरी चालतो, किंबहुना राहायलाच हवा. कमी पकड आणि सरळ पोल यांवर मूल टेक-ऑफ, झोका आणि उतरणं शिकतं. महाराष्ट्रात जिथे बांबूवर सुरुवात करतात, तिथल्या मुलांना या बाबतीत कमीपणा वाटायचं काही कारण नाही. वेग आणि पाऊल जुळून आलं की पोल आपणहून वाकू लागतो.

आता पोल बदला, पण एकच पायरी

वरचं सगळं तपासूनही लक्षण तेच राहिलं तरच पोल बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला: लांबी किंवा वजन. १२ फूट १४०वरून पुढे जायचं तर १२ फूट १४५ घ्या. तिथे चांगलं जमलं, पट्टीजवळ पकड आली, की पुढची लांबी घ्या. लांबी ६ इंच वाढली तर वजनाचा आकडा १० पौंडांनी कमी चालतो, कारण वरच्या आडाख्याप्रमाणे दोन्ही साधारण सारखे वागतात. मुलाचं वजन मात्र त्या कमी आकड्याच्या आत असायला हवं. नसेल तर आकडा कमी करता येत नाही, आणि १२ फूट ६ इंचांचा जड पोल पेलेल इतका वेग येईपर्यंत १२ फुटांवरच काम करावं लागतं. वजनदार पण हळू धावणाऱ्या मुलांची इथे खरी कुचंबणा होते. त्यांना आखूड पोल द्या, पकड खाली ठेवा आणि धावण्यावर मेहनत घ्या. नियम वाकवू नका.

पोलवर आणखी एक बारीक आकडा असतो, १९.४ किंवा २०.१ असा. पोल दोन टोकांजवळ टेकवून मध्ये ठरावीक वजन, बहुधा ५० पौंड, लटकवतात आणि तो किती सेंटीमीटर खाली झुकला ते मोजतात. आकडा लहान, तर पोल कडक. एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या दोन पोलांमध्ये हा फार उपयोगी पडतो. दोन्हींवर १४० लिहिलेलं असूनही एक १९.४ आणि दुसरा १९.८ असू शकतो, आणि मूल ‘हाच पोल बरा वाटतो’ म्हणतं त्यामागे हा फरक असतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पोलांची तुलना मात्र या आकड्यावरून करू नका. स्पिरिटचा १९.४ आणि पेसरचा १९.४ एकसारखे वागतीलच असं नाही.

पोल धरताना दर वेळी तीच बाजू वर ठेवा. दोन टोकं टेकवून पोल मोकळा सोडला की तो स्वतःच फिरून एका बाजूवर स्थिरावतो, कारण त्याला एका बाजूला थोडा नैसर्गिक बाक असतो. आज एक बाजू आणि उद्या दुसरी, असं केलं तर तोच पोल वेगळा वाटतो आणि आपण उगाच पोल बदलत बसतो.

विकत घेण्याची घाई करू नका. नव्या पोलला काही शे डॉलर पडतात, लांबीमुळे पाठवणावळही बरीच लागते, आणि वाढतं मूल एका हंगामात दोन पोल मागे टाकतं. आधी शाळेचे, मग शेजारच्या शाळेचे, मग क्लबचे पोल भाड्याने किंवा उसने मिळतात का ते विचारा. एकाच मुलासाठी एक पोल घेण्यापेक्षा दोन-तीन शाळांनी मिळून ५ किंवा १० पौंडांच्या अंतराने पोलांची मालिका उभी केली तर सगळ्यांचा फायदा होतो. घ्यायचाच असेल तर आजच्या वजनाच्या बरोबर काठावरचा घेऊ नका. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून २० पौंड जास्तीचाही नको; त्या पोलवर मूल गादीवर आत पोचणारच नाही.

जिथे तीनच पोल आहेत तिथे पकड आणि धावेची पावलं ही तुमची हत्यारं. त्याच पोलवर पकड दोन-दोन इंचांनी आणि धाव दोन-दोन पावलांनी बदलून बराच पल्ला गाठता येतो. फक्त वजनाची मर्यादा या कसरतीत ओलांडू नका.

कधी थांबायचं

पुढच्या गोष्टींत स्वतः प्रयोग करू नका.

मूल लागोपाठ दोनदा धावपट्टीवर परत आलं किंवा बॉक्समध्ये उतरलं, तर त्या दिवशीचा पोल व्हॉल्ट बंद. अनुभवी पोल व्हॉल्ट प्रशिक्षकाने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पूर्ण धाव नको. धावण्याच्या किंवा लांब उडीच्या प्रशिक्षकाला हे काम सोपवू नका, कितीही जाणकार असला तरी.

मूल धावत येऊन उडीच घेत नसेल आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती भीती आहे. तिला ‘हिंमत कर’ हे उत्तर नाही. पकड खाली, धाव अर्धी, आणि जाणत्या प्रशिक्षकाची मदत.

पोलमधून टिक किंवा कुरकुर असा आवाज आला, किंवा दुसऱ्या तपासणीत खूण सापडली, तर तो बाजूला ठेवा आणि खुणेचे फोटो, लांबी, वजनाचा आकडा व अनुक्रमांक कंपनीला पाठवून विचारा. चिकटपट्टी, रेझिन, सांधेजोड, यांतलं काहीही करू नका. पोल निकामी ठरला तर करवतीने दोन तुकडे करून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी भाबडेपणाने तो कोपऱ्यातून उचलून आणेल.

बॉक्सच्या कडेचं संरक्षक गादीचं कवच नसेल, गाद्यांच्या मध्ये फट असेल किंवा गादी लहान असेल, तर पोल कितीही अचूक निवडा, उड्या घेऊ नका. २००२मध्ये अमेरिकेत तीन तरुण पोल व्हॉल्टर अपघातात गेले. दोघे हायस्कूलचे होते, एक पेन स्टेट विद्यापीठाचा. त्यानंतर गाद्यांची किमान मापं वाढवली गेली. या बाबतीत शाळेशी भांडायची वेळ आली तर भांडा.

डोक्याला, मानेला मार बसला तर थेट डॉक्टर. ‘मला बरं वाटतंय’ असं मुलाने सांगितलं तरी त्या दिवशी पुन्हा उडी नाही, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत धावपट्टीवर पाऊल नाही.

प्रशिक्षकाला किंवा कंपनीला विचारताना नुसतं ‘कोणता पोल घेऊ’ असं लिहिलंत तर त्यांना उत्तर देता येत नाही. मुलाचं आजचं वजन, सध्याच्या पोलवरचे सगळे आकडे, टेपने मोजलेली पकड, धावेची पावलं, पार केलेली उंची, स्टँड किती सेंटीमीटरवर होते, आणि बाजूने घेतलेलं तीन उड्यांचं चित्रण, एवढं एकत्र पाठवा. त्यात एक उडी बिघडलेलीही असू द्या. खरं काय चुकतंय ते तिच्यातूनच लवकर कळतं.